आधी गळती शोधा: क्लॅरिनेट दुरुस्ती शिकू पाहणाऱ्यांसाठी

"खालचे स्वर निघतच नाहीत" अशी तक्रार घेऊन क्लॅरिनेट समोर आलं की नवशिक्याचा हात आपोआप स्क्रूड्रायव्हरकडे जातो. माझाही जायचा. मला शिकवणाऱ्यांनी पहिले तीन आठवडे एकही स्क्रू उघडू दिला नाही. रोज एक बिघडलेलं वाद्य समोर ठेवायचे आणि विचारायचे, "हवा कुठून जातेय?" उत्तर बरोबर आलं तरच ते वाद्य उघडून दाखवायचे. तेव्हा राग यायचा. आज कुणी माझ्याकडे शिकायला आलं तर मीही तसंच करते, कारण या कामातलं निम्म्याहून जास्त कौशल्य गळती शोधण्यात आहे. ती सापडली की पुढचं काम बहुतेक वेळा छोटंच निघतं.

वुडविंड वाद्यं बरीच आहेत, पण हा लेख मुख्यतः क्लॅरिनेटबद्दल आहे. फ्लूट आणि सॅक्सोफोनकडे शेवटी थोडं वळू.

वाद्यात नेमकं चालतं काय

क्लॅरिनेट म्हणजे छिद्रं पाडलेली नळी. रीड (माउथपीसवरची वेताची पातळ पट्टी) थरथरते आणि नळीतल्या हवेला कंप देते. बोटांनी किंवा चाव्यांनी जेवढी छिद्रं बंद केलेली असतील तेवढी ती हवेची नळी लांब, आणि नळी जेवढी लांब तेवढा स्वर खालचा. नेहमीच्या बोम पद्धतीच्या क्लॅरिनेटला १७ चाव्या, छिद्रांभोवतीच्या ६ कड्या आणि २४ स्वरछिद्रं असतात. सर्वांत खालचा ई वाजवायचा तर ही चोवीसच्या चोवीस छिद्रं एकाच वेळी हवाबंद असावी लागतात. त्यातल्या एका पॅडखाली (चावीच्या टोकाची, छिद्र झाकणारी मऊ गादी) केसाएवढी फट राहिली तरी वादकाला जोर लावावा लागतो, स्वर दबका येतो किंवा मध्येच किंचाळतो.

यातून एक फार उपयोगी गोष्ट हाती लागते. गळतीचा त्रास तिच्या खालच्या स्वरांना होतो, वरच्यांना होत नाही. म्हणून वाद्य वरून खाली, एकेक अर्धस्वर उतरत वाजवा. सगळं ठीक चाललंय आणि अचानक एका स्वरापासून आवाज बसायला लागला, तर दोषी छिद्र त्या स्वराच्या जरासं वरच आहे. अगदी वरच्या टोकाला गळती असेल तर जवळजवळ सगळंच वाद्य आजारी वाटतं. म्हणूनच "काहीच नीट वाजत नाही" ही तक्रार ऐकून घाबरायचं कारण नसतं. बऱ्याचदा वरच्या भागातलं एकच छोटं पॅड त्याच्या मुळाशी असतं.

पॅड हा भाग आज आपण गृहीत धरतो, पण एकेकाळी चाव्यांना चामड्याचा सपाट तुकडा लावलेला असायचा आणि तो हवा जेमतेम अडवायचा. इवान म्युलर या वादकाने १८१२ च्या सुमारास आतून भरलेली मऊ पॅड आणि ती नीट टेकावीत अशी घडवलेली छिद्रांची कड वापरली, आणि वाद्यावर भरपूर चाव्या बसवणं शक्य झालं. वादक क्लोझे आणि वाद्यकार ब्युफे यांनी १८४४ मध्ये पेटंट घेतलेली रचना, म्हणजेच बोम पद्धत, आजही बहुतेक क्लॅरिनेटवर दिसते. तुम्ही चावीच्या वाटीत जे पॅड बसवणार आहात ते त्याच वंशातलं आहे. पॅड आणि कड या जोडीवर सगळी रचना उभी आहे, म्हणून मी तिच्यावर इतका भर देते.

शिकायचं कोणत्या वाद्यावर

जुनं, प्लॅस्टिकचं, बोम पद्धतीचं क्लॅरिनेट घ्या. चाव्या वाकलेल्या नकोत, चाव्या धरणारे छोटे खांब तुटलेले नकोत. पॅड कुजलेली आणि बूच झडलेली असली तर उत्तमच. प्लॅस्टिक अशासाठी की लाकडी शरीर ओलाव्याने फुगतं, सुकलं की आकसतं, कधी तडकतं, आणि शिकताना ही जास्तीची काळजी नको. ओबो तर पहिल्या वर्षी उघडूच नये. त्यावर इतके छोटे जुळवणीचे स्क्रू असतात की एक फिरवला की दुसरे तीन बिघडतात, आणि कशामुळे काय झालं हे नवशिक्याला कळत नाही.

दुसऱ्याचं वाद्य पहिल्या सहा महिन्यांत हाती घेऊ नका. ओळखीचे लोक आग्रह करतात, "बघ ना जरा." नम्रपणे नाही म्हणा.

आणि वाजवायला शिका. मैफल गाजवायची नाही, पण सर्वांत खालच्या ई पासून वरच्या सी पर्यंत सगळे अर्धस्वर स्वच्छ काढता आले पाहिजेत. ज्याला वाजवता येत नाही त्याला वाद्य दुरुस्त झालं की नाही हे कळायला दुसऱ्याचे ओठ उसने घ्यावे लागतात. शिवाय कित्येक तक्रारींचं मूळ वाद्यात नसतंच. रीड जुनी असते, बोट छिद्रावर अर्धवट बसत असतं, नाहीतर घशाच्या ए च्या (वाद्याच्या वरच्या टोकाजवळच्या ए स्वराच्या) छिद्रात पाणी साचून बुडबुडे येत असतात. वाद्य उघडण्याआधी हे ओळखता आलं पाहिजे.

हत्यारं

पहिली गरज चांगल्या स्क्रूड्रायव्हरची. दोन-तीन रुंदीचे हवेत आणि प्रत्येकाचं टोक स्क्रूच्या खाचेत पूर्ण, तळापर्यंत आणि सैल न होता बसलं पाहिजे. विकत आणलेलं टोक बहुतेक वेळा पाचरीसारखं निमुळतं असतं. ते खाचेच्या वरच्या कडांवरच टेकतं, घसरतं आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतं. तेलाच्या दगडावर घासून टोकाच्या दोन्ही बाजू समांतर करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्याने पुढची कित्येक वर्षं स्क्रू वाचतात.

स्प्रिंग ओढायला आणि ढकलायला एक आकडा लागतो. क्रोशाची सुई छान चालते. तिच्या दुसऱ्या टोकाला कानशीने एक बारीक खाच पाडली की ढकलायचं कामही भागतं. याशिवाय गुळगुळीत जबड्याची बारीक पक्कड, धारदार ब्लेड, स्पिरिटचा दिवा, छिद्रं आणि वाट्या मोजायला कॅलिपर, चाव्यांचं हलकं आणि मध्यम तेल, बुचाचे पातळ पत्रे, काँटॅक्ट सिमेंट, आणि पॅड चिकटवायला लाख किंवा गरम गोंदाची कांडी.

लाख की गोंद यावर कारागिरांत कायम वाद असतो. लाख गरम केली की वाहते, थंड झाली की काचेसारखी कडक होते आणि पुन्हा गरम करून पॅड हलवता येतं. तिची पकड मला जास्त आवडते. पण नवशिक्याला गरम गोंद सोपा जातो, कारण तो लगेच ठिसूळ होत नाही आणि थोडी चूक पोटात घालतो. पहिलं वाद्य गोंदावर करा.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचं हत्यार म्हणजे चाचणीची पट्टी. सिगारेटच्या कागदाची किंवा अगदी पातळ पारदर्शक फिल्मची, पाच-सहा मिलिमीटर रुंदीची, टोकाकडे निमुळती कापलेली पट्टी काडीच्या टोकाला चिकटवा. तिच्यावर तुमचं सगळं निदान अवलंबून राहणार आहे, म्हणून ती जपून ठेवा आणि चुरगळली की लगेच बदला.

उघडण्याआधी

माउथपीस आधी कोमट साबणपाण्याने धुवा. गरम पाणी नको. माउथपीसचं कडक रबर, म्हणजे एबोनाइट, हिरवट-तपकिरी होतं आणि त्याला वास येतो. वाद्य दुसऱ्याचं असेल तर हे केल्याशिवाय तोंडाला लावू नका.

मग वरचा भाग वेगळा घ्या. खालचं टोक तळहाताने घट्ट बंद करा, दुसऱ्या हाताची तीन बोटं आणि अंगठा आपापल्या छिद्रांवर ठेवा आणि वरच्या टोकाने हवा ओढा. पोकळी तीन-चार सेकंद टिकली आणि बोट उचलताच 'टप्' असा आवाज आला, तर तो भाग चांगला आहे. ओढत राहिलं तरी हवा येतच राहिली तर गळती आहे. खालच्या भागाचंही असंच, फक्त तिथे सर्वांत खालचा ई वाजवताना करंगळीने दाबतो ती चावीही दाबून धरायची. बोटांच्या टोकांतूनच हवा जात असण्याची शक्यता असते, म्हणून तीनदा करून बघा. बोटं जरा ओलसर केली की जास्त खात्री होते.

गळती आहे हे कळलं. आता कुठे आहे ते. इथे घाई करू नका.

एक चावी निवडा. पॅडची कड एखाद्या घड्याळाच्या तबकडीसारखी समजा. पट्टीचं टोक बाराच्या जागी पॅड आणि छिद्राच्या कडेमध्ये सरकवा, वाजवताना दाबाल तेवढ्याच हलक्या जोराने चावी मिटा आणि पट्टी सावकाश ओढा. जी खेच जाणवते ती लक्षात ठेवा. मग तीन, सहा आणि नऊच्या जागी हेच करा. चारही ठिकाणी सारखी खेच असेल तर पॅड समतल बसलंय. बाराला पट्टी अडकली आणि सहाला सहज निसटली, तर पॅड मागे, म्हणजे दांडीकडच्या बाजूला, आधी टेकतंय आणि पुढे फट आहे. जोरात दाबलं तर दोन्हीकडे पकड येईल आणि तुम्ही स्वतःचीच फसवणूक कराल. या कामात कान नंतर येतात, बोटं आधी. पहिल्यांदा सगळ्या जागांची खेच सारखीच वाटेल. आठवडाभर रोज वीस मिनिटं केलं की पकडीतले फरक कळायला लागतील. मला दहा दिवस लागले होते.

ज्या चाव्या स्प्रिंगच्या जोरावर मिटलेल्याच असतात, त्या बोटाने दाबून तपासू नका. पट्टी आत असताना चावी आपणहून मिटू द्या. तिथे गळतीचं कारण पॅड नसून थकलेली स्प्रिंग असू शकते, आणि बोटाने दाबलं की ते लपतं. नळीत बारीक दिवा सोडून अंधारात प्रकाश कुठून निसटतो हे पाहायची पद्धतही आहे. सॅक्सोफोनवर ती फार चांगली चालते. क्लॅरिनेटच्या अरुंद नळीत आणि छोट्या पॅडवर मात्र मी पट्टीवरच विश्वास ठेवते.

प्रत्येक चावीचा निकाल वहीत लिहा. काय दिसलं, कुठे फट, कोणत्या बाजूला. ही वही नंतर तुमची खरी शिक्षक होते.

वाद्य उघडणं

पहिलं वाद्य उघडताना मी सगळे स्क्रू एका बशीत टाकले. सगळे सारखेच दिसत होते. जोडताना लक्षात आलं की काही किंचित लांब आहेत, काहींचं टोक वेगळं घासलं गेलंय. चुकीच्या खांबात गेलेल्या एका टोकदार स्क्रूने चावी आवळून धरली आणि दुसऱ्या एका जागी चावी खुळखुळायला लागली. सगळं परत जागेवर आणायला दीड दिवस गेला. वर्षानुवर्षं एकाच खांबात फिरलेला स्क्रू त्या खांबापुरता घडलेला असतो.

म्हणून जाड पुठ्ठ्यावर वाद्याचं ढोबळ चित्र काढा, प्रत्येक खांबाच्या जागी भोक पाडा आणि निघालेला स्क्रू त्याच भोकात खोचा. लांब दांड्यांवर तर कागदी चिठ्ठी लावा. चावी काढण्याआधी आकड्याने तिची स्प्रिंग अडकवणीतून बाजूला करा, म्हणजे स्प्रिंग वाकत नाही आणि बोटात घुसत नाही. आणि क्रम लिहून ठेवा: कोणती चावी कोणाखालून निघाली. जोडताना तोच क्रम उलटा जातो.

अडकलेल्या स्क्रूला जोर लावू नका. गंजावर मुरणाऱ्या तेलाचा एक थेंब सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी स्क्रूड्रायव्हर खाचेत बसवून मुठीवर हलकेच दोन टिचक्या मारा आणि मग आधी किंचित घट्ट, मग सैल करा. बहुतेक स्क्रू एवढ्यात मानतात.

चाव्यांच्या नळ्यांत जुनं तेल काळं आणि चिकट झालेलं असतं. पाइप क्लीनरने आणि पातळ स्पिरिटने ते काढा. छिद्रांची कड कापसाने साफ करा. तिथे साचलेला मळ पॅड बदलल्यावरही गळती ठेवतो. प्लॅस्टिकचं शरीर, सगळ्या चाव्या काढल्यावर, कोमट पाण्यात धुतलं तर चालतं. लाकडाला मात्र पाणी कधीच नाही.

पॅड बदलणं

क्लॅरिनेटचं नेहमीचं पॅड तीन थरांचं असतं: खाली पुठ्ठा, मध्ये लोकरीची दाबलेली गादी, वर प्राण्याच्या आतड्याचं अगदी पातळ कातडं. ते फाटतं, कुरतडलं जातं, पाण्याने फुगून कडक होतं. कातडं अखंड आणि मऊ असेल, कडेवर फक्त पुसट गोल ठसा असेल, तर पॅड बदलण्याची गरज नाही. गरम करून समतल केलं तरी पुरतं. नवशिके सगळीच पॅड बदलतात. मी सांगते, खराब असलेलंच बदला, कारण प्रत्येक नवं पॅड म्हणजे समतल करायचं नवं काम.

चावीच्या वाटीचा आतला व्यास मोजा. पॅड त्यात हाताने, किंचित अडून बसलं पाहिजे. छोट्यांचा व्यास ९-१० मिलिमीटर, मोठ्यांचा १६-१७ पर्यंत. जाडीही जुन्याएवढीच हवी. जाड पॅड मागच्या बाजूला आधी टेकतं, पातळ पॅड पुढच्या बाजूला, आणि मग कितीही गरम केलं तरी ते जुळत नाही.

जुनं पॅड काढायला चावी पक्कडीत धरून वाटीच्या पाठीमागून दिव्याची आच द्या. गोंद सुटला की सुईने टोचून पॅड ओढून काढा आणि वाटीतला जुना गोंद खरवडून साफ करा. नव्या पॅडला बाजूने, म्हणजे वरच्या कातड्याला धक्का न लावता, टाचणीने एक बारीक भोक पाडा. आत अडकलेली हवा तापली की कातडं फुग्यासारखं फुगतं. हे भोक तिला वाट देतं. मला हे दोन पॅड फुगून वाया गेल्यावर कळलं.

वाटीत गोंदाचा पातळ, सारखा थर लावा, पॅड दाबून बसवा, चावी वाद्यावर जोडा. आता वाटीची पाठ हळूहळू गरम करा. शरीर प्लॅस्टिकचं असल्यामुळे ज्योत थेट वाद्याजवळ नेऊ नका. वाटीखाली धातूची पातळ पट्टी आडवी धरा किंवा चावी बाहेर काढून तापवा आणि पटकन परत बसवा. गोंद मऊ झाला की पॅड वाटीत तरंगायला लागतं. त्या क्षणी चावी बोटाने अगदी हलकेच मिटा आणि गोंद थंड होईपर्यंत तशीच धरा. पॅड स्वतःच छिद्राच्या कडेला समांतर बसतं.

मग पट्टी घ्या. चार जागी ओढा. एका बाजूला पकड कमी असेल तर पुन्हा गरम करा आणि पातळ पात्याने त्या बाजूचं पॅड वाटीतून किंचित बाहेर ओढा, पुन्हा मिटा, पुन्हा थंड होऊ द्या. पहिलं पॅड चार-पाच फेऱ्या घेईल. ते ठीक आहे.

एक मोह टाळा. पॅड जुळत नाही म्हणून चावी वाकवायची. चाव्या ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात त्या तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात (चांदी त्यात नसते), आणि त्या वाकतात खऱ्या. पण वाकवलेली चावी दांडीवर घट्ट होते, दुसऱ्या चावीशी तिचा मेळ जातो, आणि स्वस्त वाद्यांतली ओतीव चावी तर सरळ तुटते. तसंच चावी रबराने किंवा चिमट्याने आवळून रात्रभर ठेवायची पद्धतही मला मान्य नाही. त्याने पॅडवर खोल खड्डा पडतो आणि वाद्य दोन दिवस छान वाजतं. नंतर लोकर वर येते आणि गळती परत.

बूच

सांध्यावरचं बूच बदलणं हे सगळ्यांत समाधान देणारं काम आहे. जुनं बूच ब्लेडने काढा, खोबणी स्पिरिटने पुसा. १.६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून खोबणीच्या रुंदीची पट्टी कापा, एका टोकाला पाच-सहा मिलिमीटर लांब उतार द्या. खोबणीला आणि पट्टीला दोन्हीकडे काँटॅक्ट सिमेंट लावून, ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबा. हा थांबा लोक गाळतात आणि मग बूच सटकतं. उताराच्या टोकापासून सुरुवात करून गोल गुंडाळा, शेवटचं टोक उतारावर चढवा, उरलेलं ब्लेडने कापा. शेवटी बारीक पॉलिश पेपरची लांब पट्टी सांध्याभोवती दोन हातांनी ओढत, वाद्य फिरवत घासा. दर थोड्या वेळाने जोडून बघा. बुचाचं ग्रीस लावल्यावर भाग हाताने फिरवत, जोर न लावता, पण डगमगता कामा नये असा बसला पाहिजे. जास्त घासलं गेलं तर परत नवं बूच. खिडक्या उघड्या ठेवा, सिमेंटचा वास डोक्यात जातो.

चाव्यांखालची छोटी बुचं, अर्धा ते एक मिलिमीटरची, आवाज थांबवतात आणि चावी किती उघडेल तेही ठरवतात. पडलेलं बूच बदलताना जुन्याचीच जाडी ठेवा.

स्प्रिंग

दोन प्रकार. चपट्या स्प्रिंग चावीला स्क्रूने लावलेल्या असतात आणि शरीरावरच्या खाचेत सरकतात. त्या खाचेत तेलाचा अगदी बारीक ठिपका लावा. सुईसारख्या स्प्रिंग खांबाच्या भोकात ठोकून बसवलेल्या असतात, बहुधा निळसर पोलादाच्या. ही सुई गंजून मुळाशी तुटते. तुटका तुकडा खांबातून पक्कडीने मागे ढकलून काढा, तेवढ्याच जाडीची नवी घ्या, तिचं मागचं टोक हातोडीने किंचित चपटं करा आणि पक्कडीने खांबात ओढून बसवा. चपटा भाग भोकात अडकतो, तीच तिची पकड.

स्प्रिंगचा जोर बदलायचा असेल तर ती मुळापासून हलक्या हाताने वळवा. मध्येच कोन काढला तर तिथेच तुटेल. नेहमी उघड्या असणाऱ्या चाव्यांना हलका जोर पुरतो. मिटलेल्या राहणाऱ्यांना, विशेषतः वरच्या भागातल्या ट्रिल चाव्यांना (दोन स्वर झरझर आलटून-पालटून वाजवायच्या), जास्त.

चाव्यांचा मेळ

सगळी पॅड चांगली आहेत तरी खालचे स्वर येत नाहीत, असं झालं की मेळ बघायचा. दोन चाव्या एकत्र मिटायला हव्यात आणि त्यातली एक जरा आधी टेकते.

वरचा आणि खालचा भाग जोडणारा पूल ही पहिली जागा. खालच्या भागाच्या कड्या दाबल्या की पुलावरून वरच्या भागाचं पॅडही मिटायला हवं. पट्टी वरच्या पॅडखाली ठेवून बघा, मग खालच्या पॅडखाली. वर पकड आहे आणि खाली नाही, तर पुलावरचं बूच जाड आहे, थोडं घासा. उलट असेल तर बूच पातळ झालंय, बदला. वादकाला हेही सांगा की भाग जोडताना वरच्या कड्या दाबून पूल उचललेला ठेवायचा. कित्येक पूल जोडतानाच वाकतात.

दुसरी जागा घशाच्या ए चावीवरचा इवलासा जुळवणीचा स्क्रू. तो जास्त आवळला गेला तर शेजारची 'जी शार्प' स्वराची चावी कायम किंचित उचललेली राहते आणि वरच्या टोकाला गळती होते. स्क्रू आणि चावी यांच्यात कागदाएवढी मोकळी जागा हवी. तिसरी, करंगळीच्या चाव्या: सर्वांत खालच्या ई ची चावी दाबली की तिचं स्वतःचं आणि शेजारचं एफ चं पॅड एकदमच मिटलं पाहिजे. दोन्हीखाली एकाच वेळी दोन पट्ट्या ठेवून सारख्या ओढा.

यानंतर सगळ्या दांड्यांना सुईच्या टोकाने तेलाचा एकेक थेंब. जास्त तेल पॅडवर उतरतं आणि पॅड चिकटायला लागतं. मग वाद्य पंधरा मिनिटं वाजवा, गरम होऊ द्या, पुन्हा वरून खाली अर्धस्वर उतरा.

ज्याला अजून हात लावायचा नाही

लाकडातला तडा. तो बंद करायला पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट (झटपट चिकटणारा गोंद), पिना किंवा कार्बन फायबरचे पट्टे वापरतात, आणि चुकीच्या जागी भरलेला गोंद नंतर कुशल माणसालाही आड येतो. ग्रेनेडिलासारख्या काळ्या लाकडाच्या भुकटीने कित्येकांना खाज आणि श्वासाचा त्रास होतो, म्हणून ते घासायची वेळ आली तर मास्क. तुटलेले खांब, झिजलेले आटे, झाळणं: हे अनुभवी माणसाच्या शेजारी बसून शिका.

फ्लूट आणि सॅक्सोफोन

क्लॅरिनेट तीन-चारदा पूर्ण उघडून नीट झालं की पुढे जा. सॅक्सोफोन दिसायला मोठा आणि भीतिदायक, पण चामड्याची पॅड मोठी असतात, गळती दिव्याने स्पष्ट दिसते. खालचे स्वर येत नसतील तर आधी 'जी शार्प'चं पॅड बघा. ते मिटलेलं राहतं, स्प्रिंग हलकी असते, ओलाव्याने चिकटतं; आणि त्याच्या वरचा जुळवणीचा स्क्रू सैल असेल तर उजव्या हाताच्या चाव्या दाबलेल्या असतानाही ते उचललं जातं. पितळ मऊ असतं, एकदा पडलं की खांब सरकतात, म्हणून पॅडला दोष देण्याआधी शरीर सरळ आहे का ते पाहा.

फ्लूट सर्वांत शेवटी. त्याची मोठी पॅड गोंदाने नाही, स्क्रू आणि चकतीने धरलेली असतात, आणि समतल करायला खाली कागदाच्या बारीक चकत्या, कधी अर्धचंद्राकृती तुकडे, घालावे लागतात. तिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने फरक पडतो. तरी एक गोष्ट लगेच तपासता येते: वरच्या टोकातलं बूच. साफ करायच्या काठीच्या टोकाजवळ एक रेघ असते. काठी आत घातली की ती फुंकण्याच्या छिद्राच्या बरोबर मध्यावर दिसली पाहिजे, म्हणजे बुचापासून सुमारे १७ मिलिमीटरवर. ती सरकली असेल तर सप्तकं एकमेकांशी जुळत नाहीत आणि वादक बिचारा ओठांना दोष देत बसतो.

शिकायचं कसं

शिकायची सर्वोत्तम जागा म्हणजे अनुभवी कारागिराच्या बाकाशेजारची खुर्ची. रोजचा तास मिळाला तरी पुरे. स्क्रूड्रायव्हर धरायची, चावी किती हलकेच मिटायची ही सवय बघूनच लागते. काही देशांत पूर्ण वेळेचे अभ्यासक्रम आहेत. अमेरिकेत १९७६ मध्ये दुरुस्ती करणाऱ्यांनी नॅपबर्ट ही स्वतःची व्यावसायिक संघटना स्थापन केली, तिच्या कार्यशाळा होतात. ते शक्य नसेल तर जुनी वाद्यं, वही आणि वेळ.

पहिलं वाद्य पूर्ण झालं की ते महिनाभर रोज थोडं वाजवा आणि मग पट्टी घेऊन सगळी पॅड पुन्हा तपासा. नवी लोकर दबते, बूच बसतं, दोन-तीन ठिकाणी पकड हलकी झालेली सापडेल. त्या जागा वहीत पहिल्या निकालाच्या शेजारी लिहा, गरम करून समतल करा आणि पुन्हा वरून खाली उतरा.